गोष्ट ओट्यापाशी, चित्र टेबलावर

ठाण्याच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ‘घर, अर्धवेळ शाळा, त्यात गोष्टी लिहिता आणि पुस्तकाचं मुखपृष्ठही स्वतःच काढता, मग वेळ आणता तरी कुठून?’

खरं सांगू का, मैत्रिणींनो? गोष्टीला वेगळा वेळ लागतच नाही. दिवसभर इकडेतिकडे सांडलेला असतो तेवढा पुरतो. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता नायिकेचं नाव सुचतं. शाळेला ठाण्याला जाताना दिवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी रेंगाळली की दोन संवाद होतात. हाताला येईल त्या कागदावर टिपून ठेवायचं. एकदा तर गोष्टीचा शेवट वाणसामानाच्या यादीमागे लिहिला आणि यादी वाण्याकडे! साबुदाणा घरपोच आला, शेवट आणायला मात्र मलाच जावं लागलं.

आणि विषय शोधायला लांब कशाला जायचं? आमच्या डोंबिवलीतच शं. ना. नवरे (१९२७-२०१३) राहत होते. साध्या मध्यमवर्गीय घरातल्या माणसांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं.

चित्राचं तसं नाही हो. चित्र घडी घालून पर्समध्ये टाकता येत नाही. त्याला पसरायला जागा हवी, रंग वाळायला उसंत हवी. आणि आमच्या दोन खोल्यांत सपाट जागा एकच, जेवणाचं टेबल.

मुखपृष्ठ म्हणजे नुसतं समोरचं चित्र, असं मलाही आधी वाटायचं. पण समोरची बाजू, मधला कणा आणि मागची बाजू असं तिन्ही सलग काढावं लागतं. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पुस्तक म्हटलं तरी कागद त्याच्या दुपटीहून मोठा! कण्याची रुंदी अंदाजाने धरू नका. १६० पानं म्हणजे ८० कागद. छापखान्यातून त्याच जातीचे ८० कोरे तुकडे मागून घ्यायचे, दाबून धरायचे आणि पट्टीने मोजायचे. चारी कडांना ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडायचा, कापताना तो जातो. नावाची अक्षरं तर पहिल्या खेपेला हमखास फसतात. आपली शिरोरेषा सरळ असली तरी तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. माझ्या संग्रहाच्या नावात दोन वेलांट्या नि एक रफार, ते सगळे वरच्या कडेला जाऊन चिकटले होते. शेवटी नाव अर्ध्या इंचाने खाली घेतलं. चित्र झालं की फडताळाला टेकवून ठेवायचं आणि दाराशी उभं राहून नाव वाचता येतं का पाहायचं.

हात घालण्याआधी पाहावं मात्र खूप. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. कादंबरी बदलायला गेलात की दहा मिनिटं नुसती मुखपृष्ठंच बघा. दीनानाथ दलालांचं (१९१६-१९७१) एखादं मिळालं तर चांगलं निरखा. ‘दीपावली’ अंक काढणारे ते हेच. आणि घरात लहान मूल असेल तर माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आणा. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. एकाच हाताने दोन्ही केलं की शब्दांनी सोडलेलं चित्र कसं उचलतं, ते त्यात दिसतं.

आता गेल्या आषाढातली गोष्ट सांगते. मुखपृष्ठ जवळजवळ झालं होतं: खिडकीचे गज, त्यावर वाळत घातलेले ओले कपडे, मागे पावसाचं निळं आभाळ. आभाळ अजून ओलंच होतं. संध्याकाळी ह्यांचा फोन आला, ऑफिसातले एकजण जेवायला येताहेत. मी कागद उचलला, फ्रीजला उभा टेकवला आणि ताटं मांडली. पाहुणे गेल्यावर बघते तर निळा रंग ओघळून थेट नावाच्या जागेत उतरलेला. छापखान्यात द्यायला मधे एकच दिवस.

हे म्हणाले, “अगं, सांगायचंस ना! बाहेर जेवलो असतो.” सासूबाईही तेच म्हणाल्या. मला रडूच फुटलं. ‘टेबल आवर’ असं मला कुणीच म्हटलं नव्हतं, मीच आवरलं होतं. पाहुण्यांची चाहूल लागताच स्वतःचं चित्र मला पसारा वाटलं. रात्री दोनपर्यंत बसून पुन्हा काढलं, पण पहिल्यासारखं आभाळ काही उतरलं नाही. पुस्तकावर आहे ते दुसरं.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला मी वेळेपेक्षा जागेचं सांगेन. सुताराकडून अडीच बाय दोन फुटांची प्लायची फळी कापून घ्या, कडा घासून घ्या. कागद तिच्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवा. उचलायची वेळ आलीच तर फळीसकट आडवी उचलायची आणि कपाटावर ठेवायची. आणि रंग ओला असेल तर घरात स्पष्ट सांगायचं, आज टेबल मिळणार नाही. पहिल्यांदा जीभ अडखळते, माझीही अडखळली.

नव्या संग्रहाचं काम आता सुरू झालंय. परवा रात्री आम्ही चटईवर जेवलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. जेवता जेवता टेबलाकडे बघत त्यांनी दोनदा विचारलं, “वाळला का गं?”