गळक्या काचपेटीचे सांधे

पेढीच्या दर्शनी भागात अथवा घराच्या दिवाणखान्यात माशांची काचपेटी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणी ती वास्तूविषयीच्या समजुतीपोटी ठेवतो, कोणी नातवंडांच्या हट्टापायी. मुके जीव काचेत ठेवावेत की नाही, याविषयी आपल्यात दोन मते आहेत आणि ती राहणारच. तो वाद येथे नको. परंतु जो जीव एकदा घरात आणला, त्याची जबाबदारी आपल्या नावे पडली, यावर दुमत होण्याचे कारण नाही. पेटी गळू लागते, तेव्हा या जबाबदारीची खरी परीक्षा होते.

प्रथम हिशेब पाहू. पेटी ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि त्यात ३६ सेंटिमीटर पाणी, असे धरले तर ते सुमारे ९७ लिटर, म्हणजेच ९७ किलो भरते. समोरच्या एका काचेवर या पाण्याचा एकूण रेटा सुमारे ५८ किलो वजनाइतका असतो. खोली वाढते तसा हा रेटा वाढत जातो आणि तळाशी तो सर्वाधिक असतो. हा सारा भार रात्रंदिवस पेलून धरणारी वस्तू म्हणजे सांध्यांतील सिलिकॉनची पट्टी. पूर्वी अशा पेट्यांना धातूची चौकट असे आणि काचा पुटीने बसवीत. १९६० च्या दशकापासून सिलिकॉनने थेट काचेला काच जोडण्याची पद्धत रूढ झाली.

या सांध्यात सिलिकॉन दोन ठिकाणी असते व दोन्हींचे काम भिन्न आहे. पहिला थर दोन काचांच्या मध्ये दाबलेला. तो पेटी उभी धरतो. दुसरा थर आतील कोपऱ्यात गोलाकार ओढलेला. तो पहिल्या थराला पाण्यापासून व घासण्यापासून जपतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिला मूळ तारण, दुसरा पूरक तारण. घरी जी दुरुस्ती करता येते, ती या दुसऱ्या थराची. दोन काचांमधील थरात बुडबुड्यांच्या रांगा दिसत असतील, तो काचेपासून सुटून पांढुरका पडला असेल, किंवा काचेलाच तडा गेला असेल, तर आतून कितीही सिलिकॉन भरले तरी भरवसा धरू नये. अशी पेटी जाणत्या कारागिराकडून संपूर्ण उकलून पुन्हा जोडून घ्यावी अथवा बदलावी.

गळती खरोखर आहे की नाही, याची खात्री आधी करावी. पावसाळ्यात दमट हवेने काचेला बाहेरून दव धरते आणि ते ओघळून तळाशी साचते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन पातळी रोज थोडी उतरते. ही दोन्ही गळतीची लक्षणे नव्हेत. पेटी बाहेरून कोरडी पुसावी, तळाभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावाव्यात आणि दर दोन-तीन तासांनी पाहाव्यात. कागद भिजतो कोठून, हे कळते. सांध्याबाहेर पांढऱ्या क्षारांची रेघ धरली असेल, तर तेथून पाणी बरेच दिवस झिरपत आले आहे, असे समजावे. पाणी एका ठरावीक पातळीपर्यंत उतरून थांबत असेल, तर भोक त्या पातळीला आहे.

गळती निश्चित झाली की सर्वप्रथम हीटर, पंप व दिवा यांचे प्लग काढावेत. पाण्यात हात त्यानंतरच घालावा. हा क्रम कधीही मोडू नये.

मग माशांची सोय. दुरुस्तीस किमान आठ-दहा दिवस लागतात, हे धरूनच तयारी करावी. साबण किंवा फिनेल कधीही न लागलेला मोठा टब घ्यावा आणि त्यात पेटीतलेच पाणी भरावे. हवेचा पंप आणि गाळणी तेथे चालू ठेवावी. वर जाळी झाकावी, कारण नव्या जागी मासे उडी मारतात. गाळणीतील स्पंज नळाच्या पाण्याने धुऊ नये किंवा वाळू देऊ नये. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू त्या स्पंजात वाढलेले असतात. ते मेले, तर पुढे दुरुस्त पेटीतही मासे दगावतात. टबात अन्न अगदी बेताचे द्यावे आणि एक-दोन दिवसांआड चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असते. त्यावरचे औषध मत्स्यसाहित्याच्या दुकानात मिळते, ते मापाने घालावे.

सिलिकॉनची निवड हा या कामातील सर्वांत नाजूक व्यवहार होय. न्हाणीघर व स्वयंपाकघरासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते. ते पाण्यात उतरते आणि माशांचा जीव घेते. म्हणून नळकांडीवर ‘शंभर टक्के सिलिकॉन’ आहे, बुरशीरोधक असा उल्लेख नाही आणि मत्स्यपेटीसाठी योग्य असे स्पष्ट लिहिले आहे, हे वाचूनच ती घ्यावी. वापराची अंतिम तारीखही पाहावी. जुने सिलिकॉन नीट वाळत नाही. या कामाचे सिलिकॉन बहुधा वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास देते. तो वास स्वतः दोष नव्हे, पण खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता प्रत्यक्ष काम. पेटी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी. केवळ गळक्या जागेवर ठिगळ लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. नवे सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. थकलेल्या कर्जावर नवे कर्ज लिहिण्यासारखाच तो प्रकार. खाते वरून नियमित दिसते, आत मात्र काहीच सुधारलेले नसते. म्हणून आतील सर्व आठही सांध्यांवरील जुना थर काढावा. नवे पाते काचेला जवळजवळ आडवे धरून थर सोलून काढावा. पाते दोन काचांच्या मध्ये मात्र कदापि घुसवू नये. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने काच दोन-तीन वेळा पुसावी. नखाने चाचपून पाहावे. रबरासारखे काही लागले तर पुन्हा खरवडावे. साबण वापरू नये, कारण त्याचा थर राहतो.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटर जागा सोडून कागदी चिकटपट्टी लावावी. सिलिकॉनवर थोड्याच मिनिटांत साय धरू लागते, म्हणून हे काम दोघांनी करावे: एकाने बंदुकीने अखंड धार सोडावी, दुसऱ्याने हातमोजा घातलेल्या बोटाने ती एकाच दमात दाबून गोल करावी. आधी चार उभे कोपरे, लगेच तळाचे चार सांधे. जेथे तीन काचा मिळतात, त्या कोपऱ्यांत पोकळी राहिली नाही ना, हे विशेष पाहावे. सांधा गुळगुळीत झाला की साय धरण्याआधीच पट्टी ओढून काढावी. नंतर त्याला हात लावू नये. खोट दिसली, तर वाळल्यावर तेवढा सांधा काढून पुन्हा करावा.

सिलिकॉन हवेतील आर्द्रता शोषून बाहेरून आत पक्के होते. चोवीस तासांत साधारण दोन ते तीन मिलिमीटर. वरून दुसऱ्याच दिवशी ते पक्के भासते, तरी आत ओले असते. पूर्ण सात दिवस थांबावे आणि वास पूर्णपणे गेल्याखेरीज पाणी भरू नये. थंड व कोरड्या हवेत आणखी दोन दिवस द्यावेत. या सात दिवसांत घाई करणाऱ्याचे आधीचे सारे श्रम वाया जातात.

मग चाचणी. पेटी गॅलरीत, सपाट पाटावर, खाली थर्मोकोलचा तक्ता घालून ठेवावी. पाणसळीने पातळी पाहावी. प्रथम तिसरा हिस्सा, काही तासांनी दोन तृतीयांश, मग पूर्ण पाणी भरावे आणि कोरडा कागद लावून दोन दिवस तसेच राहू द्यावे. कागद कोरडा राहिला तर ते पाणी फेकून पेटी मूळ जागी न्यावी. भरलेली पेटी, अर्धी असली तरी, कधीही उचलू नये. सांधे त्यानेच उखडतात. मासे सोडताना टबातील पाणी, तीच गाळणी आणि तोच स्पंज परत वापरावा.

शेवटी एक विनंती. दुरुस्तीचा कंटाळा आला किंवा पेटी मोडीत काढायची ठरली, म्हणजे मासे तलावात अथवा नदीत ‘मुक्त’ करण्याची कल्पना अनेकांना सुचते. हेतू दयेचा असतो, परिणाम मात्र उलटा होतो. बहुतेक शोभेचे मासे परप्रांतीच्या पाण्यातले. काही त्या पाण्यात तडफडून मरतात, तर काही फोफावून तेथील जीवांचे अन्न व जागा बळकावतात. काच चाटणारा म्हणून आवडीने आणला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेट्यांमधून बाहेर पडून तो भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे आणि त्याच्या खरखरीत कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात. एका माशाला दिलेली सुटका अनेक जीवांवर अशी उलटते. तेव्हा पेटी ठेवायची नसेल, तर मासे दुकानदाराकडे किंवा सांभाळ करणाऱ्या परिचितांकडे सोपवावेत. ठेवायची असेल, तर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, आठही सांधे बोटाने चाचपून पाहावेत. वह्यांची वार्षिक तपासणी आपण चुकवीत नाही. त्याच दिवशी हीही उरकून घ्यावी.