होडीत जागा कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवक-शिबिरात एक ‘खेळ’ घेण्यात आला. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी फळ्यावर दहा जणांची यादी लिहिली: डॉक्टर, गरोदर स्त्री, शेतकरी, निवृत्त शिक्षिका, दारू सोडलेला सुतार, धर्मगुरू, एका पायाने अधू असलेला विद्यार्थी इत्यादी. समुद्र चढला आहे, किनारा बुडाला आहे, होडीत जागा सहाच आहेत, कोणाला घ्याल? वीस मिनिटांत निकाल लागला. शिक्षिका पहिल्याच फेरीत बुडाली. (धर्मगुरूही बुडाला, त्याविषयी माझी तक्रार नाही.) अधू विद्यार्थ्याचे नाव खोडले गेले, तेव्हा तिसऱ्या रांगेत कुबडी घेऊन बसलेला आमचाच एक मुलगा वहीवर रेघोट्या मारीत होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मी पाहिले, आणि मीही काही बोललो नाही. ते मौन मला अजून बोचते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा खेळ निरुपद्रवी आहे, मुले त्यातून विचार करायला शिकतात, असे त्याचे समर्थन केले जाते. परंतु त्याचे कूळ तपासून पाहावे. १९६७ साली विल्यम आणि पॉल पॅडॉक या अमेरिकन बंधूंनी एक ग्रंथ लिहिला. १९७५ पर्यंत जगात महादुष्काळ पडणार हे त्यांनी गृहीत धरले आणि रणांगणावरील जखमींप्रमाणे देशांची प्रतवारी करून, धान्य कोणाला द्यावे व कोणाला देऊ नये हे ठरवून टाकले. भारत ‘वाचविता न येणाऱ्यां’च्या रांगेत होता. पुढे १९७४ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने होडीचे रूपक मांडले. श्रीमंत राष्ट्र ही होडी. आत पन्नास माणसे, आणखी दहांची सोय, पाण्यात शंभर. त्याचा सल्ला असा, की एकालाही घेऊ नये. मोकळी जागा सुरक्षिततेसाठी राखून ठेवावी. त्याच्या निबंधात भारताचे उदाहरण येते. म्हणजे आमची मुले ज्या होडीत बसून न्यायनिवाडा करीत होती, त्या होडीच्या मूळ आराखड्यात त्यांचेच आईबाप पाण्यात होते!

रणांगणावरील प्रतवारीचा दाखलाही येथे उलटा वापरला गेला आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे याचा दंडक असा होता, की हुद्दा वा राष्ट्र न पाहता ज्याची जखम गंभीर त्याच्याकडे आधी जावे. अपघात विभागातील डॉक्टरला आजही क्रम ठरवावा लागतो. ते त्याचे दुःख आहे, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण तो डॉक्टर विचारतो, की कोणाला आत्ता माझी गरज आहे आणि कोणाला माझ्या हातून गुण येईल. हा माणूस समाजाच्या किती उपयोगाचा, असे तो विचारीत नाही. फळ्यावरचा प्रश्न नेमका हा दुसरा होता.

आता भाकिताचे काय झाले ते पाहू. १९६४-६५ साली देशात गहू सुमारे सव्वा कोटी टन पिकला होता. १९६९-७० मध्ये तो दोन कोटी टनांवर गेला. (त्या क्रांतीने पंजाबचे भूजल उपसले हे खरे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने अंगावर झेलला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी, नगर जिल्ह्यात, एक आजी म्हणत, “फादर, खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण पोरं जगली.” मिलो अमेरिकेतूनच आला होता. त्या कामांच्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली. पॅडॉक बंधूंच्या यादीप्रमाणे त्या आजींचे नाव तर खोडलेले होते!

होडीचेच रूपक हवे असेल, तर खरी होडी घेऊ. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर सुमारे बावीसशे माणसे होती आणि होड्यांत जागा ११७८. ब्रिटिश नियमांत दहा हजार टनांवरील जहाजाला सोळा होड्या पुरेशा मानल्या होत्या. हे जहाज शेहेचाळीस हजार टनांचे, त्यावर वीस होड्या. म्हणजे ‘कोण वाचणार’ याचा बराचसा निर्णय समुद्राने नव्हे, कचेरीतील कागदाने आधीच केला होता. तरीही वाचले सातशेच्या आसपास. चारशेहून अधिक जागा रिकाम्या गेल्या. फादर थॉमस बाइल्स यांनी होडीतील जागा नाकारली आणि ते मागे राहिलेल्यांसोबत बुडाले. आणि जगाने त्यानंतर काय केले? पुढच्या वेळी कोणाला घ्यावे याची यादी नाही केली. १९१४ च्या लंडन करारात प्रत्येक प्रवाशासाठी होडीत जागा असली पाहिजे, असे ठरवले.

प्रशिक्षक म्हणाले, “फादर, नोहानेही निवड केलीच ना?” नाही केली. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला आत कोणाला आणायचे ते सांगितले आहे. बाहेर कोणाला ठेवायचे याचा निकाल त्याच्या हाती दिलेला नाही. शिवाय तारवात अशुद्ध मानलेल्या, कोणाच्या उपयोगाच्या नसलेल्या प्राण्यांनाही जागा होती.

हा वाद आता जुन्या ग्रंथांपुरता नाही. तुवालू या पॅसिफिकमधील देशाची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचार मीटर आहे. २०२३ च्या करारान्वये ऑस्ट्रेलिया तेथील २८० जणांना दरवर्षी कायम वास्तव्यासाठी घेणार आहे, तेही सोडतीने. २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून आठ हजारांहून अधिक जणांची नोंद झाली. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास! सोडतीला मी नावे ठेवणार नाही. चिठ्ठी कोणाचे शिक्षण विचारीत नाही, कोणाचा पाय पाहत नाही. आमच्या फळ्यापेक्षा ती कितीतरी सुसंस्कृत आहे. पण २८० हा आकडा चिठ्ठीतून आलेला नाही, तो माणसांनी ठरवला. आणि यजमान देश कोळशाचा जगातील एक मोठा निर्यातदार आहे, हेही त्याच पानावर लिहायला हवे.

प्रशिक्षकांना मी पत्र लिहिले आहे. पुढील शिबिरास त्यांनी अवश्य यावे. फक्त यादी पुसून फळ्यावर एवढेच लिहावे, की होडी कोणी बांधली, सहाच जागांची का बांधली, आणि किनाऱ्यावर लाकूड किती शिल्लक आहे. कुबडीवाल्या मुलाला मी हे पत्र टपालात टाकण्यापूर्वी दाखवले. त्याने ते वाचले आणि म्हणाला, “फादर, पोहायला मला त्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. कोणी विचारलंच नाही.”