चौकसीवाचूनचा बाजार

आमच्या बऱ्हाणपूरच्या जरीचे नाव एके काळी दूरदूरच्या बाजारांत होते. ते विणकरांच्या बोटांमुळे होते हे खरेच. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती, तिचा आज विसर पडला आहे. जरीच्या तारेसाठी आलेले सोने-रुपे प्रथम टकसाळीत जाई. तेथे वंशपरंपरेने चालत आलेला पारखी असे. त्याला चौकसी म्हणत. त्याने कस पाहिल्यावाचून चांदीवर सोन्याचा वर्ख चढत नसे, की तार ओढली जात नसे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटिअरांत या व्यवस्थेची नोंद आहे. तिचे कारण उघड आहे. तार एकदा कापडात विणली गेली, की आतला धातू खरा की हिणकस, हे गिऱ्हाइकाला कळावयाचे कसे? म्हणून पारख आधी आणि विणकाम मागाहून.

ही आठवण निघण्याचे निमित्त थोडे चमत्कारिक आहे. हल्ली आपल्या घरांतून अळंबीच्या भुकटीच्या डब्या आणि कॅप्सूल दिसू लागल्या आहेत. परगावी असलेली मुले आईवडिलांस त्या प्रेमाने पाठवितात. कुणी झोपेसाठी रेशी घेतो, कुणी स्मरणशक्तीसाठी लायन्स मेन, कुणी दमश्वासासाठी कॉर्डिसेप्स. ज्या वस्तूला आपण कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवीत होतो, तिच्या भावकीला आज चांगला भाव आला आहे!

अळंबी औषधात येणे ही गोष्ट मात्र आपल्याला नवी नाही. फणसाच्या खोडावर येणारे फणसाळंबे कोकणात आणि देशावर जुन्या बायका जपून ठेवीत, आणि लहान मुलाचे तोंड आले तर ते सहाणेवर उगाळून लावीत. त्याचा गुण किती, हा वाद वेगळा. पण आजीच्या हाती अख्खा तुकडा असे. तो फणसाचाच आहे हे डोळ्यांना दिसे. पूड झाली की ओळख गेली. आणि आजचा सारा व्यापार पुडीचाच आहे.

या पुडीत काय असते ते नीट समजून घ्यावे. अळंबीचे दोन भाग: वर दिसणारी छत्री, आणि तिच्याखाली पसरलेले तंतूंचे जाळे. छत्री वाढविण्यास वेळ आणि खर्च फार. त्यापेक्षा तांदूळ किंवा ओटसारख्या धान्यावर जाळे पसरू द्यावे आणि धान्यासकट सारे वाळवून दळावे, हे स्वस्त. अशा मालात धान्याचे पिष्ट मोठ्या प्रमाणात राहते. म्हणजे गिऱ्हाईक अळंबीच्या भावाने तांदळाचे पीठ घेते, आणि ते मधुमेहाचा रोगी असला तर फसवणूक दुहेरी होते.

याचा अर्थ तंतुजाल वाईट असा नव्हे. जपानने १९७७ साली कर्करोगाच्या उपचारात जोड म्हणून क्रेस्टिन या औषधाला मान्यता दिली, ते तंतुजालापासूनच काढलेले होते. पण तेथे कवकाचे ठरावीक वाण होते, काढण्याची रीत ठरलेली होती. प्रश्न छत्रीचा की जाळ्याचा एवढाच नाही. आत काय आहे आणि किती आहे, हे कोणी मोजले काय, हा आहे.

न मोजल्याचा परिणाम काय होतो? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अवघे ५ नमुने लेबलाला जागणारे निघाले. श्रीमंत देशातल्या बाजाराची ही कथा, तर आपण डोळे मिटून का विश्वासावे?

गिऱ्हाइकाने मग काय पाहावे? डबीवर अळंबीचे पूर्ण शास्त्रीय नाव हवे. कोणता भाग वापरला ते हवे. आणि बीटा-ग्लुकान किती टक्के हा आकडा हवा. पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी ‘पॉलिसॅकॅराइड’चा मोठा आकडा छापतात. त्यात धान्याचे पिष्टही मोजले जाते, म्हणून त्या आकड्याला भुलू नये. अळंबी ज्यावर वाढते त्यातील कॅडमियमसारखे जड धातू ती ओढून घेते. तेव्हा त्यांच्या तपासणीचा दाखलाही मागावा. घरी एक साधी परीक्षा करता येते. चिमूटभर पूड पाण्यात उकळावी, निवू द्यावी आणि आयोडिनचा थेंब टाकावा. अळंबीत पिष्ट नसते. रंग गडद निळा झाला तर आत धान्य आहे. निळा झाला नाही म्हणजे माल अस्सल, असे मात्र समजू नये.

मात्रेचाही विचार हवा. स्मरणशक्तीच्या ज्या जपानी प्रयोगाचा जाहिरातीत वारंवार उल्लेख येतो, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसे सुमारे ३०, मात्रा रोज ३ ग्रॅम, मुदत १६ आठवडे. आणि औषध थांबताच गुण ओसरू लागला. अर्धा ग्रॅमची एक कॅप्सूल घेऊन त्या प्रयोगाचे फळ मागणे म्हणजे आचमनाने तहान भागविणे होय.

सरकारी नियम आहेत. अशा वस्तूवर अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो, आणि ती औषधी उपयोगासाठी नाही असेही छापावे लागते. पण परवाना म्हणजे कस नव्हे. तो दुकानाला असतो. डबीतल्या प्रत्येक चिमटीला नसतो.

माझे म्हणणे अळंबी खाऊ नये असे नाही. पण वडील माणसाने रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना रेशी घ्यावी आणि डॉक्टरांच्या कानी घालू नये, हा प्रकार थांबला पाहिजे; त्याने रक्तस्राव वाढण्याची भीती आहे. आणि घरात दुर्धर दुखणे असता डबीच्या आशेवर उपचार पुढे ढकलणे तर सर्वस्वी अयोग्य. मुलांनी प्रेमाने पाठविले म्हणून विचारू नये, असा संकोच आपल्याकडे फार. प्रेम मुलाचे असते. पूड कारखान्याची असते. पुढल्या वेळी मुलाने डबीबरोबर तिच्या तपासणीचा कागदही पाठवावा, आणि कारखाना तो देत नसेल तर डबी परत करावी.

टकसाळीतला चौकसी आता येणार नाही. पण ‘चौकस’ हा शब्द अजून मराठीत आहे. गिऱ्हाईक चौकस झाले, तर बाजाराला कस लावणे भाग पडेल.