मैल मिळतात कोणाला?

१९५६ साली भारताने वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धती स्वीकारली आणि पुढील काही वर्षांत रस्त्याकडेच्या दगडांवरून मैल हद्दपार झाला. तो पुन्हा कधी परतेल असे तेव्हा कोणास वाटले नसेल. परंतु तो परतला आहे, आणि तोही थेट मध्यमवर्गीयांच्या खिशात. आखाती देशांत वास्तव्य करणारे आपले बांधव आज किराणा भरताना, औषधे घेताना, उपाहारगृहाचे बिल चुकविताना 'मैल' कमावीत असतात. दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीने तर 'स्कायवर्ड्स एव्हरीडे' या नावाने खास त्यासाठीच योजना काढली आहे. आपले कार्ड एकदा नोंदवावे, ठरावीक दुकानांतून नेहमीची खरेदी करावी आणि विमानात पाऊलही न ठेवता विमानप्रवासाचे मैल जमवीत राहावे. पुरेसे मैल साठले की त्यांच्या बदल्यात मायदेशाचे तिकीट मिळते. परमुलखात राहणाऱ्या आणि घराची ओढ लागलेल्या माणसाला याहून गोड आमिष ते कोणते असणार?

भिवंडीसारख्या गावाला हा विषय मुळीच परका नाही. उत्तरेतून आलेले हजारो कामगार येथे यंत्रमाग चालवितात आणि येथील कोकणी मुसलमान कुटुंबांतील माणसे १९७० च्या दशकापासून रोजगारासाठी आखाताची वाट धरतात. परमुलखातून आलेला आणि परमुलखात गेलेला, असे दोघेही एकाच गल्लीत सापडावेत असे हे गाव आहे. महाराष्ट्राचे चित्रही याहून फार वेगळे नाही. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत २०२३-२४ साली महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा, म्हणजे सुमारे वीस टक्के होता, असे रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत आढळले. त्याच पाहणीनुसार देशात येणाऱ्या एकूण रकमेपैकी सुमारे एकोणीस टक्के रक्कम एकट्या संयुक्त अरब अमिरातीतून आली. ज्या मिळकतीवर इतक्या घरांच्या चुली पेटतात, तिच्या खर्चाभोवती विणलेल्या या नव्या जाळ्याचा विचार केवळ हौशी प्रवाशांवर सोपवून चालणार नाही.

हा मैल येतो तरी कोठून? अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी अशी योजना सुरू केली तेव्हा हिशेब सरळ होता. जितके अंतर उडावे तितके मैल नावावर जमा व्हावेत. आज अनेक कंपन्यांनी अंतराचा हा आधार सोडून दिला आहे. आपल्या एअर इंडियानेही एप्रिल २०२४ पासून अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेल्या रकमेवर गुण देण्याची रीत स्वीकारली. नाव मैलाचे राहिले आणि माप मात्र पैशाचे झाले. शिवाय विमान कंपन्या हे मैल बँकांना घाऊक विकतात आणि बँका ते कार्डधारकांना वाटतात. बँकेला हा पैसा बव्हंशी मिळतो तो दुकानदाराकडून, प्रत्येक कार्डव्यवहारावर कापून घेतलेल्या शुल्कातून. दुकानदार ते शुल्क मालाच्या किमतीत मिळवितो. म्हणजे त्याच दुकानात रोख पैसे मोजणारा मजूर कार्डधारकाच्या मैलांची किंमत नकळत भरीत असतो. भारतात युपीआयच्या साध्या देयकांवर दुकानदाराकडून असे शुल्क घेतले जात नाही आणि म्हणूनच त्यांवर मैलही सहसा मिळत नाहीत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. फुकट असे येथे काहीच नसते.

तथापि या योजनांवर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. शारजात शिक्षकी किंवा कारकुनी करणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचा विचार करावा. शाळांना उन्हाळी सुट्टी लागली किंवा ईद जवळ आली की मुंबईची भाडी कडाडतात. जो खर्च कसाही व्हायचाच आहे, त्याच खर्चातून वर्षाकाठी एखादे तिकीट सुटत असेल तर ते न घेण्यात शहाणपणा कसला? एमिरेट्सच्या योजनेत घरातील आठ जणांपर्यंतचे मैल एकत्र जमा करता येतात. कुटुंबवत्सल माणसाला ही सोय खरोखर उपयोगी आहे.

प्रश्न आहे तो या पुंजीच्या भरवशाचा. अमिरातीच्या दिरहमचा डॉलरशी असलेला दर १९९७ पासून ३.६७२५ वर बांधलेला आहे, आणि त्यामागे एका राज्याची हमी आहे. मैलामागे अशी हमी कोणाची? एका तिकिटाला किती मैल लागतील हे कंपनी ठरविते आणि मनात येईल तेव्हा तो आकडा वाढविते. स्कायवर्ड्सचे मैल साधारणतः तीन वर्षांनी, सभासदाच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस, रद्द होतात. बक्षिसाच्या तिकिटावरही कर आणि अधिभार रोखीने भरावे लागतात. कधीकधी ती रक्कमच एवढी होते की स्वस्त विमानाचे साधे तिकीट परवडले असते, असे वाटावे. जेट एअरवेजचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. एप्रिल २०१९ मध्ये तिची विमाने थांबली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. सभासदांचे मैल दुसऱ्या नावाखाली काही काळ उरले खरे, पण ज्या विमानांच्या भरवशावर ते जमविले होते ती विमानेच उरली नाहीत.

याहून मोठा धोका मनाच्या सवयीचा आहे. मैलांसाठी खर्च होऊ लागला की कंपनीने आवळा देऊन कोहळा काढलाच म्हणून समजावे. कार्डाचे देणे एक महिना थकले तरी त्यावरील व्याज कितीतरी मैलांचे मोल गिळून टाकते. घरी पैसे पाठविताना विनिमयाच्या दरात किती पैसे कापले जातात हे न पाहणारा माणूस किराण्यावरील दहावीस मैलांचा मात्र बारकाईने हिशेब ठेवतो, असे विपरीत दृश्य अनेक घरांतून दिसते. रुपया-दिरहमच्या दरातील दोन पैशांचा फरक वर्षाअखेरीस या मैलांहून अधिक भरू शकतो.

आता ज्यांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही, त्यांच्याकडे वळू. आखातात गेलेल्यांत गवंडी, सुतार, वाहनचालक आणि सफाई कामगार फार मोठ्या संख्येने आहेत. बँका क्रेडिट कार्डासाठी किमान पगाराची अट घालतात. ती या मंडळींच्या आवाक्याबाहेर असते, त्यामुळे रोजच्या खर्चावर मैल मिळविण्याचा मार्ग त्यांना बंदच असतो. पण एक दार उघडे आहे आणि तेच त्यांना ठाऊक नसते. अनेक करारांत दोन वर्षांनी मायदेशी जाण्यायेण्याचे तिकीट मालक देतो. सर्वसाधारण नियम असा की तिकिटाचे पैसे कोणीही भरोत, मैल मात्र आसनावर बसणाऱ्याच्या नावे जमा होतात. सभासदत्वाला पैसे पडत नाहीत. नोंदवलेले नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे एवढेच. राहून गेलेले मैलही काही महिन्यांच्या आत मागून घेता येतात. काही अगदी स्वस्त किंवा गटाने काढलेल्या तिकिटांना मैल मिळत नाहीत हे खरे, परंतु ज्यांना मिळतात तेही न मागताच सोडून देतात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

भिवंडीतल्या परमुलखी कामगाराची स्थिती याहून कष्टाची आहे. अॅमेझॉनने २०१३ साली भारतात व्यवसाय मांडला तेव्हा तिचे पहिले गोदाम भिवंडीतच उघडले. आज मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा गोदामांची रांग लागली आहे. तेथे बांधल्या जाणाऱ्या खोक्यांतील कितीतरी माल कोणाच्या तरी कार्डावर मैल जमवीत बाहेर पडतो. तो बांधणारा हात मात्र गावी जाताना गोरखपूरकडच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात उभ्याने प्रवास करतो. मे २०२० च्या आरंभी टाळेबंदीत भिवंडी रोड स्थानकातून श्रमिकांसाठी विशेष गाडी गोरखपूरला सोडावी लागली. तोवर कित्येक जण आग्रा रस्त्याने बायकामुलांसह पायीच निघाले होते. ते मैल कोणाच्याही खात्यात जमा झाले नाहीत.

यावर करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. परदेशी नोकरीस जाणाऱ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाने प्रस्थानपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग चालविले आहेत. त्यांत पगार, करार आणि पैसे पाठविण्याचे मार्ग यांच्या जोडीला तिकिटावरील मैलांची अर्ध्या तासाची माहिती मराठीत, हिंदीत आणि उर्दूत द्यावी. भारतातून उडणाऱ्या कंपन्यांना सरकारने पुरेशी पूर्वसूचना दिल्याखेरीज मैलांचे मोल घटविण्यास मनाई करावी, आणि दोन-दोन वर्षांनी घरी येणाऱ्या कामगाराचे मैल त्याच्या पुढच्या प्रवासापूर्वीच बुडू नयेत अशी मुदत ठेवण्यास भाग पाडावे. ग्राहकाकडून आगाऊ मोबदला घेऊन दिलेले वचन हे देणेच असते, आणि देण्याला कायद्याचे बंधन हवे. रेल्वेकडूनही एक अपेक्षा आहे. हजारो कामगारांच्या येण्याजाण्यावर जेथील उद्योग चालतात, त्या भिवंडी रोड स्थानकाला सणासुदीच्या दिवसांत तरी उत्तरेकडे जाणारी पुरेशी अनारक्षित आसने मिळाली पाहिजेत.

सुशिक्षित घरांनीही आपल्यापुरते काही करावे. गल्लीतला कोणी सुट्टीवर आला असेल तर त्याचे तिकीट आणि पारपत्र घेऊन बसावे आणि त्याचे नाव नोंदवून द्यावे. दहावी-बारावीतल्या विद्यार्थ्यालाही हे काम पाऊण तासात जमेल. आपल्या स्वतःच्या मैलांकडे मात्र दुकानदाराने दिलेल्या सवलतीइतक्याच अलिप्तपणे पाहावे. मिळाली तर घ्यावी, वेळेत वापरावी, आणि तिच्यासाठी एक रुपयाही जास्त खर्चू नये. बचतीची जागा बँकेच्या पासबुकात आहे आणि ती तेथेच राहू द्यावी.