लंगडें इंजिन

नेरळ-माथेरान मार्ग १९०७ सालीं सुरू झाला. त्यावरील वाफेचीं इंजिनें बाळपणीं पाहिलेल्या आमच्या धाकट्या बंधूंनीं वाशीच्या घरीं सज्जांत बसून तसलेंच एक लहानसें इंजिन बनविलें. गतवर्षीं ते निवर्तले. इंजिन चालतें, पण लंगडतें. दोन सिलिंडरांच्या इंजिनानें चाकाच्या एका फेऱ्यांत चार फुत्कार सम अंतरानें टाकावयाचे. येथें चौथा जेमतेम ऐकूं येई.

पुतणी म्हणाली, "काका, एक्सेंट्रिक फिरवूं या का?" आम्हीं थांबविलें. (परीक्षेवांचून औषध देणाऱ्या वैद्यांचा आम्हांस जुना तिटकारा आहे.) वाफपेटीचें झांकण काढून पिस्टन आळीपाळीनें दोन्ही टोकांस नेला. पुढचें द्वार अर्धा मिलिमीटर उघडें, मागचें नुकतेंच मिटलेलें! एक्सेंट्रिकचा कोन चुकला असता, तर दोन्हीकडे सारखाच उशीर झाला असता. हा दोष दांडीवरील झडपेच्या जागेचा. फरकाच्या निम्मी, म्हणजे पाव मिलिमीटर, झडप पुढें सरकवावयाची. आटे अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणून नट अर्धाच वळसा.

पुतणीनें सायकलच्या पंपानें हवा भरली. चारी फुत्कार सारखे आले, तेव्हां स्वयंपाकघरांत भावजयीचें लाटणें थांबलें.