लॉरेनमधला मिराबेलचा हंगाम
फ्रान्सचा उन्हाळा म्हटला की बहुतेकांना दक्षिणेचा समुद्रकिनारा आठवतो. मला मात्र ईशान्येकडच्या लॉरेन प्रांतातली खेडी जास्त प्रिय आहेत, आणि तीही ऑगस्टमधली. तेव्हा तिथे मिराबेल पिकते. बोराएवढे, पिवळेधमक, उन्हाच्या बाजूला लालसर ठिपके उमटलेले हे आलुबुखाराच्या जातीचे फळ. एकेकाळी या टेकड्यांवर द्राक्षमळे होते. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने वेली खाल्ल्या आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी त्या जागी मिराबेल लावली. आज परसबागांतही, टोमॅटो आणि घेवड्याच्या वाफ्यांपलीकडे, तिचे एखादे झाड असतेच. पिकलेले फळ फांदी हलवली की टपाटपा गळते, म्हणून झाडाखाली चादरी अंथरतात. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा. फळ नाजूक, दूरचा प्रवास त्याला मानवत नाही. मग घरोघरी मुरंबे शिजतात, बरण्या भरतात, टार्ट भाजले जातात. उरलेल्या फळांची दारू गाळायलाही कायद्याची मुभा आहे, फक्त आधी कळवावे लागते. १९९६ मध्ये ‘मिराबेल द लॉरेन’ला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण मानांकनापेक्षा मला मोलाची वाटते ती रात्री नऊपर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात, अख्ख्या कुटुंबाने बागेत बसून फळे निवडण्याची रीत. पॅरिसला उन्हाळ्यात जाणार असाल, तर दीड तासाच्या रेल्वेप्रवासावरचे लॉरेनमधले मेत्झ शहर गाठा, बाजारातून किलोभर मिराबेल घ्या आणि ती तिथेच खा.