दासी कुठे गेली?

आमच्या ऐतिहासिक कादंबरीत प्रेम करावयाचे म्हणजे नायिकेपाशी आधी महाल हवा. महाल, मेणा, चिकाचा पडदा, आणि चिठ्ठी पोचवायला एक दासी. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली निघाली, तेव्हापासून मराठी कादंबरीकार इतिहासात रमला तो रमलाच; आणि १९६२ च्या 'स्वामी'नंतर तर या प्रकाराला असे भरते आले, की पेशवे-सरदारांखेरीज मराठी मुलुखात कुणाला हृदय होते की नाही याचीच शंका यावी. ही पुस्तके आम्हीही रात्री जागून वाचली आहेत. रमेसाठी आमचेही डोळे ओले झाले आहेत. आमची तक्रार रमेविषयी नाही. ती त्या दासीविषयी आहे. भर पावसात ती चिठ्ठी घेऊन जाते, पहारेकऱ्याला चुकवते, निरोप आणते, आणि पुढच्या पानावर नाहीशी होते. ती कुठे गेली? तिची वाट पाहणारा कुणी होता का? हे विचारायला लेखकाला सवड नसते.

यावर ठरलेले उत्तर मिळते: साधने नाहीत हो! राण्यांची पत्रे सापडतात, दासींची कुठून आणायची?

साधने नाहीत की नजर नाही? रनाळ्याचेच घ्या. नंदुरबार-दोंडाईचे पट्ट्यातले हे गाव. या पट्ट्यातून तापी खोऱ्याचा लोहमार्ग गेला तो एकोणिसावे शतक सरता सरता. त्याच सुमारास, १८९९-१९०० साली, खानदेशावर तो दुष्काळ कोसळला, ज्याला शेजारच्या गुजरातेत 'छप्पनियो' म्हणतात. त्या काळी भराव यंत्रांनी उभे राहत नसत. माती पाट्यांनी वाहिली जाई, आणि पाट्या बायांच्याही डोक्यावर असत. दुष्काळी कामांवर बायका खडी फोडीत. सरकारने या सगळ्याचे अहवाल लिहून ठेवले आहेत. मजूर किती, मजुरी किती, धान्य किती. राजवाड्यांनी दप्तरे जमवण्यात आयुष्य घालवले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभे आहे. म्हणजे जुन्या कागदांचे महत्त्व खानदेशाला कुणी शिकवावे असे नाही. कादंबरीकाराने महालाचे नकाशे पाहावे तसे हजेरीचे कागद पाहावे, एवढेच.

आणि नाट्य हवे ना? मग १८७७ चा जानेवारी घ्या. दक्षिणेतल्या जिल्ह्यांत दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतका खाली आणला गेला. शिवाय अट अशी, की धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम नाही. तेव्हा उपाशी माणसांनीच काम टाकले! हजारो मजूर, त्यांत बायामाणसे, कामावरून उठून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. या प्रसंगात एक तरुण बाई आणि एक तरुण पुरुष उभे करा. त्याच्यासोबत दूरच्या कामावर जावे, तर घरची म्हातारी मागे पडते. राहावे, तर तो जातो. आणि काम टाकावे, तर आज रात्री चूल नाही. कुठल्या राणीपुढे इतका बिकट प्रश्न होता? राणीचा विरह पलंगावर होतो. हिला पाटी डोक्यावर घेऊन विरह करावा लागतो.

या वाटेवर एक खड्डा मात्र आहे, आणि आमचे लेखक त्यात हमखास पडतात. शेवटच्या प्रकरणात मजूरबाईच्या दंडावरचा ताईत उघडतो आणि ती कुणा सरदाराची हरवलेली लेक निघते! ही युक्ती म्हणजे नायिकेची थट्टा आहे. दोनशे पाने तिच्यावर प्रेम करायला लावायचे, आणि अखेरीस कबूल करायचे की ती मजूर होती म्हणून नव्हे, मजूर नव्हती म्हणून!

मराठीत कुणी काहीच केले नाही असे नाही. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' लिहून गिरणीचे जग कादंबरीत आणले. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'वैजयंते'ची नायिका तमाशाच्या बोर्डावर नाचून पोट भरते. पण वरेरकरांनी आपल्या डोळ्यांसमोरचा काळ लिहिला, अण्णाभाऊंच्या 'फकिरा'त (१९५९) इतिहास आहे तो पुरुषाच्या पराक्रमाचा. इतिहास आणि कष्टकरी स्त्रीचे प्रेम एकाच पुस्तकात नांदायला अजून फारसे तयार नाहीत. तिकडे इंग्लंडात कॅथरीन कुकसन नावाची बाई, तरुणपणी दरिद्रालयाच्या धोबीखान्यात कामाला असलेली, टाइनच्या काठच्या मोलकरणींवर आणि मजुरांच्या मुलींवर कादंबऱ्या लिहीत राहिली आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत वर्षानुवर्षे सर्वाधिक वाचली गेली. तेव्हा वाचकाला राणीच लागते, हे प्रकाशकांचे पालुपद आम्हांला पटत नाही.

राहता राहिली भाषा. रनाळ्याकडची बाई अहिराणीत बोलेल, ते शोकान्त प्रसंगी हास्यास्पद होईल, अशी भीती घातली जाते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापून निघाली. शेतात राबणाऱ्या, लिहिता न येणाऱ्या त्या बाईच्या खानदेशी बोलीला कोण हसले? हसू येते ते, लेखक बोली फक्त विनोदी नोकराच्या तोंडी घालतो म्हणून.

तेव्हा पुढच्या दिवाळीला आणखी एक शनिवारवाडा नको. दहा मैलांची ती अट आणि ती बाई, एवढे पुरे. ती त्याच्यामागून गेली की म्हातारीपाशी राहिली, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. फक्त तिच्या दंडावर ताईत बांधू नये.